चौतिसाव्या नंबरचा सूर

गादीवालीच्या तोंडात खिळे असले की तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सोफ्याच्या सांगाड्यावर कापड ताणून बसवायचं तर एक हात कापडाला लागतो, दुसरा हातोडीला. खिळे ठेवायला तोंडच उरतं. ती खिळा जिभेने ओठांवर आणायची, हातोडीच्या लोहचुंबकाने उचलायची आणि ठोकून मोकळी व्हायची. मधेच कोणी भाव विचारला तर डोळे वटारायची. गिऱ्हाइकं बिचारी बाहेरच्या बाकावर गुपचूप बसून राहायची.

लांब्याचा फोन आला तो नेमका अशा वेळी. तिने फोन फोमच्या लादीवर ठेवला, स्पीकर लावला आणि ठोकत राहिली. लांब्याला तिचं ‘हं’ आणि ‘हं?’ यांतला फरक तरुणपणापासून कळायचा, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही.

“भोंग्या, ऐक. भट्टीला बोलावणं आलंय.”

“हं?”

“जुन्या थिएटरात कार्यक्रम ठेवलाय. ऐंशीच्या दशकातली हार्ड रॉकची गाणी. पण गाजलेली नाहीत हं, जरा चालली आणि मग लोक विसरले, अशी. एकेका बँडने आपलं एकच गाणं म्हणायचं. आपण ‘कडी काढ’ म्हणायचं.”

“हं.”

“मी हो म्हणून टाकलंय. फक्त तो वरचा सूर. तर मी काय म्हणतो, आपण गाणं थोडं खालच्या पट्टीत घेऊ. नाहीतर माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, चांगला गळा आहे तिचा. तेवढा तुकडा ती म्हणेल, बाकीचं तू म्हण.”

गादीवालीने सगळे खिळे तळहातावर थुंकले.

“खाली घ्यायचं नाही. मुलगीबिलगी आणायची नाही. रेकॉर्डवर आहे त्याच पट्टीत मी म्हणणार.”

“अगं, पण आपलं वय...”

“तुझं वय झालं असेल. माझं मला बघू दे.” आणि तिने फोन ठेवून दिला.

लांब्याचं आता बाथरूमच्या फरशांचं दुकान होतं आणि डोक्यावर एक केस नव्हता. एके काळी त्याचे केस कमरेपर्यंत होते. चौघांचेही केस लांब होते, पँटी इतक्या घट्ट की जिन्यावरून तिरपं उतरावं लागायचं, आणि बँडचं नाव भट्टी. लांब्या गिटार वाजवायचा. बास वाजवणारा पुढे बोटीवर नोकरीला लागला तो कुठल्याशा बंदरात कायमचा राहिला. ड्रमवर ठोक्या होता. आणि गायला ही, जिला बाकीचे तिघं भोंगा म्हणायचे, कारण मायक्रोफोन बंद पडला तरी मागच्या रांगेतल्याला कळायचं नाही.

भट्टीचं एकच गाणं चाललं. चाललं म्हणजे किती, तर रेडिओवर दर शनिवारी चाळीस गाण्यांची यादी लागायची, तिच्यात ‘कडी काढ’ चौतिसाव्या नंबरला पोचलं, दोन आठवडे तिथे बसलं आणि निघून गेलं. पहिल्या नंबरवाल्याला जग ओळखतं. चौतिसाव्या नंबरवाल्याला त्याचे नातेवाईक ओळखतात, आणि तेही ‘अजून तेच करतोस का’ असं विचारायला.

तरी त्या दोन आठवड्यांच्या जोरावर त्यांना गावोगाव फिरायला मिळालं, एका मोठ्या बँडच्या आधी अर्धा तास वाजवायचं म्हणून. आणि तिथे घात झाला. ‘कडी काढ’ या ओळीतला शेवटचा ‘काढ’ वर जाऊन लांबतो. रेकॉर्डवर तो असा काही लागला होता की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. स्टेजवर तो एकदाही लागला नाही. पहिल्या गावात ती थोडक्यात हुकली. दुसऱ्या गावात आवाज फाटला. मग रोजच फाटायला लागला, लोक हुर्यो करायला लागले, आणि एका वर्तमानपत्राने लिहिलं की या बाईंचा आवाज स्टुडिओतच राहतो, बरोबर प्रवास करत नाही.

लांब्या तेव्हा रागाने म्हणाला होता, “एक दिवस लागला तुझा सूर, नशीब म्हणायचं.” ते वाक्य तिच्या मनात कुसळासारखं रुतलं. दौरा अर्धवट संपला, भट्टी विझली. तिने ठोक्याशी लग्न केलं, त्याच्या वडिलांचा गाद्या-सोफ्यांचा धंदा दोघांनी मिळून सांभाळला, आणि पुन्हा ती कधीही चारचौघांत गायली नाही. अंगाई म्हणायची वेळ आली तेव्हासुद्धा मुलीला ठोक्याने झोपवलं. तिला मनातून खात्रीच पटली होती की तो सूर तिचा नव्हता, कुठूनतरी चुकून येऊन गेला. आपण खोट्या आहोत असं वाटत एवढी वर्षं काढणं सोपं नसतं. पण ती हे कोणाला सांगणार? खिळे तोंडात धरायची आणि ठोकायची.

म्हणून आता ती हट्टाला पेटली. सूर लावायचा तर तोच लावायचा. एकदा चुकून लागला असेल तर दुसऱ्यांदा मुद्दाम लावून दाखवायचा. मग मरेपर्यंत कोणी भोंगा म्हटलं तर हक्काने ओ देता येईल.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करायची. तिने आईच्या फोनवर ते गाणं चढवून दिलं आणि वर सल्लाही दिला.

“आई, घशाला ताण देऊ नकोस. लोकांना काय, आठवण म्हणून ऐकायचंय.”

“आठवण म्हणून ऐकायचं असेल तर रेकॉर्ड ऐका म्हणावं. मला कशाला बोलावता?”

सरावाला दुकानाएवढी उत्तम जागा नाही. चहूबाजूंनी फोमच्या लाद्या, गुंडाळलेली कापडं, कापसाची पोती; आवाज बाहेर फारसा जात नाही. तरी जेवढा जायचा तेवढा शेजारच्या किल्लीवाल्याला पुरायचा. सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग आलाप, मग गाणं. वरच्या ‘काढ’ला पोचली की गळा आवळल्यासारखा व्हायचा आणि किंचाळी निघायची. पुन्हा. पुन्हा तीच किंचाळी. चौथ्या दिवशी किल्लीवाला दारातून डोकावला.

“ताई, इतक्या दिवसांत कडी निघत नसेल तर मी येऊ का हत्यारं घेऊन?”

“तू आपलं स्वतःच्या दुकानाचं शटर नीट कर आधी. रोज सकाळी लाथ मारतोस तेव्हा उघडतं.”

तो हसत गेला, पण तिचा दिवस खराब झाला. गाडीच्या सीटचं कव्हर शिवताना तिने शिवण वाकडी घातली, उसवली आणि परत वाकडी घातली. असं तिच्या हातून होत नसे.

शिवाय फोनचा वैताग होता. गाणं मागे नेऊन तीच ओळ पुन्हा ऐकायची तर काचेवर बोट सरकवावं लागतं, आणि तिची बोटं कायम गोंदाने चिकट. एकदा ओळ लावायला गेली आणि फोन किल्लीवाल्यालाच लागला. तेव्हा तिने माळ्यावरून ठोक्याचा जुना कॅसेट प्लेअर काढला. अंगठ्याएवढी बटणं, खाटकन दाबायची आणि खाटकन सोडायची. भट्टीची कॅसेटही त्यातच होती. ठोक्या गेल्यापासून चार वर्षं त्याला कोणी हात लावला नव्हता. फडक्याने पुसून तिने तो शिवणयंत्राच्या बाजूला ठेवला.

आणि काय आश्चर्य, सराव सुधारायला लागला. पहिल्या दिवशी घसा कमी दुखला. आठवड्याने किंचाळीचा सूर झाला. आणखी काही दिवसांनी एका दुपारी, हातात खुर्चीची गादी असताना, ‘काढ’ वर गेला आणि तिथे स्थिर उभा राहिला. ती दचकून थांबली. पुन्हा लावला. लागला. त्या दुपारी तिने गिऱ्हाइकाला आपणहून चहा विचारला, त्यामुळे ते गिऱ्हाईक थोडं घाबरलंच.

“लांब्या, ये ऐकायला,” तिने फोन केला. “गिटार घेऊन ये. आणि रुमाल आण, रडायला लागशील.”

लांब्या आला. तिने पाट्या, फळ्या बाजूला सारून त्याला स्टूल दिलं, खाटकन बटण दाबलं. कॅसेटवर ठोक्याने एक, दोन, तीन, चार म्हटलं, गिटार सुरू झाली, आणि तिने रेकॉर्डिंगच्या जोडीने अख्खं गाणं म्हटलं. वरचा सूर लागला, टिकला, आणि तिने तो रुबाबात सोडला. लांब्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं.

“भोंग्या, कमाल केलीस. आता माझ्याबरोबर म्हण.” त्याने गिटार काढली. ती तो घरून रेकॉर्डच्या पट्टीला लावूनच आला होता. कॅसेट चालू ठेवून त्याने पहिला स्वर छेडला मात्र, आणि दोघांचीही तोंडं आंबट झाली. गिटार कॅसेटशी जुळत नव्हती. त्याने खुंट्या तपासल्या. मग स्वतःच्या फोनवर तेच गाणं लावलं. फोनवरचं गाणं वर होतं आणि वेगात होतं. कॅसेटवरचं खाली आणि संथ.

लांब्याने प्लेअर उचलून मागचं झाकण उघडलं. आतला रबरी पट्टा बोटाने दाबून पाहिला.

“हा ढिला झालाय गं. चाक सावकाश फिरतंय. म्हणून सगळं खाली उतरलंय.” आणि त्याला हसू फुटलं. दुष्टपणाने नाही, पण फुटलं. “तू इतके दिवस खालच्याच पट्टीत म्हणत होतीस. बरं झालं की! मी आधीपासून तेच सांगतोय. आता असंच म्हणू.”

तिने खाटकन कॅसेट बंद केली. चेहरा लाल झाला होता. लांब्याने गिटार पेटीत भरली आणि निरोप न घेता निघून गेला, कारण तिची ती राग गिळण्याची तऱ्हा त्याला माहीत होती. तो गेल्यावर तिने स्टुलाला लाथ घातली. स्वतःचा इतका राग तिला दौऱ्यातल्या शेवटच्या रात्रीनंतर आला नव्हता.

पण हार मानेल तर ती गादीवाली कसली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात जाऊन नवा पट्टा घेऊन आली. शिवणयंत्राचे पट्टे ती स्वतः बदलायची, हा त्याचा धाकटा भाऊ. जुना काढला, नवा बसवला, झाकण लावलं. आता खऱ्या पट्टीत सराव करायचा आणि अजून हातात आहेत तेवढ्या दिवसांत सूर खेचून आणायचा, मग गळ्यातून रक्त आलं तरी बेहत्तर. तिने बटण दाबलं.

“एक, दोन, तीन, चार.”

तिने बटण सोडलं.

हा ठोक्याचा आवाज नव्हता. म्हणजे होता त्याचाच. रेकॉर्डवर तोच मोजतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पण पिपाणीसारखा, कोवळ्या पोराचा. रेकॉर्ड पहिल्यांदा घरी आली तेव्हाही तो असाच वाजला होता. ठोक्या म्हणाला होता, “हा मी नाही.” आणि तिघंही त्याला हसले होते. लांब्या म्हणाला होता, “स्वतःचा आवाज कोणालाच ओळखू येत नाही, वेड्या.” ठोक्या मुळात कमी बोलणारा. त्याने एकदा पुन्हा म्हटलं, “नाही रे, मी नाही हा,” आणि मग विषय सोडून दिला.

आणि गेले तीन आठवडे, रोज दहा-वीस वेळा, या यंत्रातून एक, दोन, तीन, चार कोण म्हणत होतं? तेव्हा तिला काहीच खटकलं नव्हतं. घरातला माणूस घरात बोलला तर त्यात खटकायचं काय? तिने त्या आवाजाकडे लक्षसुद्धा दिलं नव्हतं.

तिने झाकण उघडलं. नवा पट्टा काढला, जुना ढिला पट्टा परत चढवला. तो दोनदा निसटला. बटण दाबलं.

“एक, दोन, तीन, चार.”

जाड, थोडा घोगरा, ‘चार’वर किंचित खाली बसणारा. याच आवाजात तो म्हणायचा, चहा टाक. याच आवाजात शेवटी दवाखान्यात म्हणाला होता, घरी जा, झोप जरा. गादीवाली कापसाच्या पोत्यावर बसली आणि रडली. तिला त्याची आठवण येतच होती, रोजच यायची. पण आज तिला त्याची बाजू कळली. खोलीत चार माणसं होती, चौघांनाही कान होते, आणि एकटा तो खरं बोलत होता. त्याला सगळ्यांनी वेड्यात काढलं, त्यात तीही होती.

डोळे पुसून तिने मुलीला फोन लावला. रडून झालं तरी तिला फसायचं नव्हतं. दुःखात माणसाला हवं ते ऐकू येतं.

“काही विचारू नकोस. मी दोन आवाज ऐकवते. कोण बोलतंय ते सांग.”

आधी तिने मुलीनेच फोनवर चढवलेलं गाणं दुकानाच्या टेलिफोनजवळ धरून ऐकवलं.

“ते बाबांचं मोजणं ना? रेकॉर्डवरचं. लहानपणापासून ऐकतेय. बाबांसारखं अजिबात वाटत नाही.”

मग तिने कॅसेट ऐकवली. पलीकडून तिने ती पुन्हा लावायला सांगितली. मग मुलीने नाक ओढलं.

“आई, हे कुठे मिळालं तुला? हे बाबा आहेत.”

एवढं तिला पुरेसं होतं. तिने मुलीला सगळं सांगायचं वचन दिलं आणि ताबडतोब लांब्याला बोलावलं. “गिटार घेऊन ये. पण रेकॉर्डला लावू नकोस. साधी लाव, नेहमी लावतात तशी.”

लांब्या आला. त्याने गिटार साध्या पट्टीत लावली. तिने ढिल्या पट्ट्यावर कॅसेट सोडली. गाणं सुरू झालं, लांब्याने पहिला स्वर छेडला, आणि तो जवळजवळ जुळला. अगदी तंतोतंत नाही; पट्टा ढिला होता, काही मोजूनमापून ढिला झाला नव्हता. पण लांब्याने अर्ध्यातच हात थांबवला. त्याचा चेहरा फरशीसारखा पांढरा पडला.

“आपण साध्याच पट्टीत वाजवलं होतं,” तो हळू म्हणाला. “स्टुडिओत. अर्थात. दुसऱ्या कुठल्या पट्टीत वाजवणार?”

“मग रेकॉर्ड वर कशी?”

तो आठवत राहिला, आणि आठवता आठवता कपाळ चोळायला लागला. गाणं लांब झालं होतं. कंपनीचा साहेब म्हणाला होता की चार मिनिटांच्या वर गेलं तर रेडिओ हात लावणार नाही. काळजी करू नका, मी बघतो. भट्टीला धडकी भरली, आता काहीतरी कापणार. रेकॉर्ड हातात आली तेव्हा लांब्याने आधी आपली गिटारची मधली करामत स्वर न् स्वर तपासली, शाबूत होती. तिने कडवी तपासली, तिन्ही जागेवर. गाणं चार मिनिटांच्या आत बसलं होतं आणि कापलेलं काहीच नव्हतं. सगळे खूश झाले. हे कसं झालं, असा प्रश्न एकालाही पडला नाही. साहेबाने टेप जरा जोरात पळवली होती, बस.

“आणि दौऱ्यात?” ती म्हणाली.

“दौऱ्यात मी रेकॉर्ड लावून बसलो सराव करायला. गिटार जुळेना. मला वाटलं, स्टुडिओत आपण तारा चढवूनच लावल्या असतील, मी विसरलो. म्हणून मग सगळ्यांना वर चढवायला लावलं. लोकांनी जे विकत घेतलंय तेच त्यांना ऐकू आलं पाहिजे ना.” तो गिटारच्या तारांकडे पाहत होता. “रोज रात्री माझी एक तार तुटायची, भोंग्या. मी तारा बनवणाऱ्या कंपनीला शिव्या घालायचो. आणि तुला म्हणालो की...”

“काय म्हणालास ते मला पाठ आहे.”

“मग आता काय बोलू?”

“काही बोलू नकोस. तूही तेव्हा पोरगाच होतास. आपण स्वतःच्या कानांपेक्षा रेकॉर्डवर विश्वास ठेवला, चौघं मिळून. चौघं नाही. तिघं.”

तिला वाटलं होतं की खरं कळल्यावर एकदम हलकं वाटेल. तसं वाटलंही, पण त्याच्याबरोबर रागही आला. तो सूर कोणीच कधी लावला नव्हता. जगातल्या कुठल्याही गळ्यातून तो आला नव्हता. तो एका चाकाने लावला होता. आणि त्याच्यापायी तिने आपल्या मुलीला अंगाई म्हटली नाही. साहेब कधीच मरून गेला होता, त्यामुळे भांडायलाही कोणी उरलं नव्हतं.

लांब्याला आता वेगळीच चिंता लागली. “कार्यक्रमात खऱ्या पट्टीत म्हटलंस तर लोकांना वाटणार की खाली घेतलं. म्हातारी झाली, जमलं नाही. आपण आधी सांगू या का? टेप दोन्ही वेगांत ऐकवू, ठोक्याचा आवाज ऐकवू.”

“ठोक्याला मी तिकीट लावून ऐकवणार नाही.”

“मग लोक हसले तर?”

“मला गाणं म्हणायचंय, लांब्या. कोर्टात उभं राहायचं नाहीये. मी खरं म्हणणार. कोणाला काय वाटायचं ते वाटू दे.” ती नव्या पट्ट्याची पुडी मुठीत चुरगाळत होती. “खोटं गाऊन झालेली हुर्यो मी सोसली आहे. खऱ्याला हसतील तर बघू.”

थिएटर जुनं होतं, खुर्च्यांचं रेक्झिन जागोजागी फाटलेलं. आत शिरताच तिने दोन खुर्च्या दाबून पाहिल्या आणि नाक मुरडलं. माणसं मात्र पुष्कळ जमली होती: पोट सुटलेले, चष्मे लावलेले, कोणी जुन्या काळ्या बनियनवर कोट घालून आलेले. एकेक बँड येत होता, आपलं विसरलेलं गाणं म्हणत होता, टाळ्या घेऊन जात होता. एका गायकाने रेकॉर्डसारखं किंचाळायचा प्रयत्न केला आणि मधेच खोकला. तिला त्याची दया आली. त्याच्याही रेकॉर्डशी कोणी काय केलं असेल, कोण जाणे.

भट्टीचा नंबर लागला. बासवर आणि ड्रमवर लांब्याच्या ओळखीचे दोघं होते. ती मायक्रोफोनसमोर उभी राहिली. तिने स्वतःच एक, दोन, तीन, चार म्हटलं, कारण ते दुसऱ्या कोणी म्हटलेलं तिला चाललं नसतं.

गाणं सुरू झालं तशी पहिल्या रांगेत कुजबुज झाली. “खाली घेतलंय,” असं कोणीतरी म्हणालं, चांगलं मोठ्याने. तिने ऐकलं आणि गात राहिली. वरचा सूर आला. तिने ओढला नाही, ढकलला नाही, तोंड उघडलं आणि तो लागला. तसाच लागला जसा त्या दिवशी स्टुडिओत लागला होता, जेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि तिला स्वतःबद्दल काही शंका नव्हती. तिला ते अंगभर कळलं. आपण खोट्या नव्हतो, हे तिला आता कोणी सांगायची गरज नव्हती.

टाळ्या पडल्या, बेताच्या. सूत्रसंचालक हसत हसत पुढे आला.

“वय कोणाला चुकलंय? सूर थोडा खाली उतरला असेल, पण जिद्द बघा या ताईंची.”

लांब्या तरातरा मायक्रोफोनकडे निघाला. तिने त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं आणि स्वतः पुढे झाली.

“सूर उतरवलेला नाही,” ती म्हणाली. “हा असाच होता. मीच म्हटलं होतं, मला माहीत आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी घरी जाऊन रेकॉर्ड ऐकावी, माझी काही हरकत नाही. पण आम्ही हे गाणं आजवर लोकांसमोर नीट म्हटलेलंच नाही. म्हणून आता पुन्हा एकदा म्हणते.”

“ताई, प्रत्येकाला एकच गाणं...”

“एकच आहे आमच्याकडे. तेच म्हणतेय.”

सभागृहात हशा पिकला आणि सूत्रसंचालक हात जोडून बाजूला झाला. तिने पुन्हा मोजलं. या वेळी लोक सैलावले होते. पहिल्या कडव्याला कोणीतरी मागून साथ दिली, दुसऱ्याला एक अख्खी रांग. शब्द त्यांना येत होते. एवढी वर्षं येत होते, आणि कुठे न्हाणीघरात, कुठे गाडी चालवताना त्यांनी ते म्हटलेही असतील, आणि वरच्या ‘काढ’ला पोचून दर वेळी आवाज फाटला असेल, आणि ओशाळून गाणं सोडून दिलं असेल. तिला हे आत्ता, गाता गाता कळलं. जे गाणं लोकांना आपल्या तोंडाने म्हणता येत नाही ते चौतिसाव्याच्या वर कसं जाणार?

शेवटचं ‘कडी काढ’ आलं. पहिल्या रांगेत मघाशी ‘खाली घेतलंय’ म्हणालेला माणूस मान मागे टाकून गात होता. त्याचा सूर लागला. त्याच्या शेजारणीचा लागला. मागच्या अंधारातून शेकडो गळे वर चढले, आणि एकही फाटला नाही. लोकांनी आश्चर्याने एकमेकांकडे पाहिलं, पण कोणी थांबलं नाही.

गादीवालीने तोंड मिटलं. सूर चालूच राहिला.